दवाखाना बंद, डॉक्टर कॉन्फरन्सला

१. पाटी आणि तिच्यावरचे तर्क

सदाशिव पेठेतल्या असो की सिंहगड रस्त्यावरच्या, दवाखान्याच्या दारावर वर्षातून दोन-चारदा एक पाटी लागतेच : ‘शनिवार-रविवार दवाखाना बंद. डॉक्टर कॉन्फरन्सला गेले आहेत.’ पाटी वाचून परत फिरणारा पेशंट मनातल्या मनात दोन प्रश्न विचारतो. पहिला सरळ असतो : वीस-पंचवीस वर्षं प्रॅक्टिस झाल्यावर आता आणखी काय शिकायचं राहिलं? दुसरा जरा खवचट : हॉटेलाचं बिल कोण भरतं?

एखाद्या डॉक्टरला विचारलंत तर बहुधा एका शब्दात उत्तर मिळेल, ‘पॉइंट’. अशा कार्यक्रमांना हजर राहिलं की डॉक्टरच्या नावावर क्रेडिट पॉइंट जमा होतात आणि ते पुरेसे नसले की नोंदणीचं नूतनीकरण अडतं. वैद्यकीय वर्तुळात या सगळ्याला ‘सीएमई’ म्हणतात, म्हणजे डॉक्टर झाल्यानंतरही चालू राहणारं शिक्षण. उत्तर खरं आहे, पण त्यानं पेशंटचं समाधान होऊ नये. पॉइंट मिळाले म्हणजे ज्ञान मिळालं का, हा प्रश्न शिल्लकच राहतो. विषाणूंच्या आजारांसंबंधीच्या परिषदा घेतल्या तर हा प्रश्न फार चांगला तपासता येतो आणि त्यासाठी पुण्याइतकं सोयीचं शहर देशात दुसरं नाही.

२. पदवी जन्मभराची, नोंदणी पाच वर्षांची

आधी एक घोळ मिटवू. डॉक्टरकडे दोन वेगवेगळे कागद असतात. एमबीबीएसची पदवी विद्यापीठ देतं. आपल्याकडे हल्ली ते काम नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ करतं. ही पदवी मरेपर्यंत टिकते. पण नुसत्या पदवीवर कुणाला औषध लिहून देता येत नाही. त्यासाठी मुंबईतल्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी लागते. हे कौन्सिल १९६५च्या राज्याच्या कायद्यानुसार चालतं. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरच्या नावाखाली जो क्रमांक छापलेला असतो, तो या नोंदणीचा. (आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांची कौन्सिलं वेगळी आहेत, त्यांचा हिशेब इथं नको.)

ही नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते आणि तेव्हा गेल्या पाच वर्षांतले ३० पॉइंट दाखवावे लागतात. तीसचा हा आकडा आला कुठून? देशभरातल्या डॉक्टरांसाठी २००२ साली जी आचारसंहिता लागू झाली, तिच्यात पाच वर्षांत किमान ३० तास अशा शैक्षणिक कार्यक्रमांना हजर राहावं, असं म्हटलं आहे.

तीस तास ऐकायला भरपूर वाटतात. जरा मांडून पाहू. एखादे जनरल प्रॅक्टिशनर दिवसाला ८ तास दवाखान्यात बसतात, वर्षाचे ३०० दिवस. म्हणजे वर्षाचे २,४०० तास आणि पाच वर्षांचे १२,०००. त्यात शिकण्याचे सक्तीचे तास ३०. चारशे तास पेशंट तपासायचे तेव्हा एक तास शिकायचं, असं हे प्रमाण पडतं. महिन्याला अर्धा तास. इंग्लंडमधल्या रॉयल कॉलेजांची फिजिशियनकडून वर्षाला ५० क्रेडिटची अपेक्षा असते, म्हणजे पाच वर्षांत २५०. आपले ३० ही अगदी किमान अट आहे आणि तरीही नूतनीकरणाचं वर्ष जवळ आलं की पॉइंटसाठी धावपळ करणारे डॉक्टर असतात.

३. १९९० सालची डिग्री आणि आजचा ताप

आता विषाणूंकडे येऊ. कल्पना करा, एक डॉक्टर १९९० साली बी. जे. मेडिकलमधून बाहेर पडले आणि त्यानंतर त्यांनी एकही नवं पान उघडलं नाही. हाडं कशी जुळतात, बाळंतपण कसं होतं, हे त्यांना आजही नीट सांगता येईल. पण ताप आलेला पेशंट समोर बसला की त्यांची पंचाईत होईल.

हिपॅटायटिस ‘सी’चा विषाणू १९८९ साली सापडला, त्यांच्या पाठ्यपुस्तकात त्याला बहुधा जागाच नव्हती. हाच आजार आता बहुतेक रुग्णांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, कारण २०१३च्या शेवटी आलेल्या औषधानं आधीचे त्रासदायक इंजेक्शनांचे उपचार मागे टाकले. स्वाइन फ्लू २००९चा, कोविड २०२०चा. झिका हे नाव त्यांनी विद्यार्थिदशेत ऐकलं असलंच तर आफ्रिकेतला एक किरकोळ विषाणू म्हणून.

डेंग्यूचं उदाहरण आणखी बोलकं आहे, कारण तो आजार जुनाच आहे, तपासणी मात्र बदलली. डेंग्यूचा विषाणू रक्तात असतो तेव्हा त्याचं एनएस-१ नावाचं एक प्रथिन तिथं सापडतं. ते पहिल्या चार-पाच दिवसांत चांगलं सापडतं, पुढं ओसरतं. उलट आपलं शरीर विषाणूविरुद्ध जी पहिली प्रतिपिंडं तयार करतं, ती आयजीएम, साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतात. आता दुसऱ्या दिवशी आलेल्या पेशंटची फक्त आयजीएम तपासणी केली, तर अहवाल ‘निगेटिव्ह’ येईल आणि त्याला डेंग्यू असू शकेल. आठव्या दिवशी आलेल्या पेशंटची फक्त एनएस-१ केली तरी तीच गफलत होईल. दोन्ही वेळा प्रयोगशाळेनं काम चोख केलेलं असतं. चूक असते ती तापाचा कितवा दिवस हे न विचारता चिठ्ठी लिहिण्यात. हे समजून घ्यायला पंधरा मिनिटं पुरतात, पण ती पंधरा मिनिटं कुणीतरी काढावी लागतात.

वर्षं वाढली की डॉक्टर आपोआप अधिक जाणते होतात, असं आपण धरून चालतो. २००५ साली याविषयीच्या ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत, प्रॅक्टिसची वर्षं वाढतात तसा उपचारांचा दर्जा अद्ययावत निकषांच्या तुलनेत घसरतो, असं दिसलं. अनुभवाची किंमत यानं कमी होत नाही. पेशंट दारातून आत येताना चालण्यावरून आजार ओळखणारे डॉक्टर असतात आणि ती नजर कुठल्याही परिषदेत मिळत नाही. मात्र कालपर्यंत जगात नसलेला आजार अनुभवानं ओळखता येत नाही.

४. शिकलेलं पुसणं

नवं शिकण्यापेक्षा अवघड असतं ते शिकलेलं सोडून देणं. कोविडच्या काळात याचा धडा सगळ्या देशानं घेतला. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला प्लाझ्मा आजारी माणसाला दिला तर त्यातली प्रतिपिंडं उपयोगी पडतील, ही कल्पना तर्काला पटणारी होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, एप्रिल ते जुलै २०२० या काळात ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर ती तपासून पाहिली. प्लाझ्मा दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत आजार गंभीर होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२०मध्ये छापूनही आला.

पुढं काय झालं ते आपल्या सगळ्यांच्या फोनवर आहे. एप्रिल २०२१च्या लाटेत ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा अर्जंट हवा’ असे निरोप रात्री-अपरात्री फिरत होते. माणसं अनोळखी दात्यांना हात जोडत होती. राष्ट्रीय उपचारपद्धतीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१मध्ये. पुरावा हातात आल्यापासून उपचार थांबेपर्यंत सात महिने गेले, तेही इंटरनेटवर रोज वेबिनार भरत असताना. भीती, नातेवाइकांचा दबाव, ‘काहीतरी करायला हवं’ ही डॉक्टरची स्वतःची तगमग, यांच्यापुढे छापील पुरावा दुबळा पडला. म्हणून चांगल्या परिषदेत ‘नवीन काय’ याच्याइतकंच ‘काय बंद करायचं’ यालाही सत्र असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कार्यक्रमपत्रिकांत असं सत्र विरळाच असतं.

५. पाषाणची प्रयोगशाळा आणि गल्लीतला दवाखाना

पुण्यात १९५२ साली आयसीएमआर आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशननं मिळून विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही. हे नाव तिला १९७८मध्ये मिळालं. तेव्हाच्या शिमोगा जिल्ह्यात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापानं फणफणली, तेव्हा १९५७ साली क्यासनूर जंगलातला विषाणू शोधला तो याच पुण्याच्या मंडळींनी. १९६५ साली नागपूरकडच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तातून जो विषाणू वेगळा केला गेला, तो जगभर त्या गावाच्या नावानं ओळखला जातो. संस्थेच्या पाषाणच्या आवारात आता बीएसएल-४ म्हणजे सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आहे, जिथं निपाहसारखे जीवघेणे विषाणू हाताळता येतात.

पण प्रयोगशाळा स्वतःहून पेशंट शोधत नाही. नमुना पाठवायचा की नाही, हे एखाद्या वॉर्डातला किंवा दवाखान्यातला डॉक्टर ठरवतो. निपाहच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. २००१ साली सिलिगुडीत एका गूढ तापानं ६६ जणांना गाठलं. त्यातल्या पुष्कळांना संसर्ग रुग्णालयातच झाला होता, कुणी कर्मचारी म्हणून, कुणी भेटायला आलेले नातेवाईक म्हणून. साथ चालू असताना तो निपाह आहे हे कळलंच नाही. जपून ठेवलेले नमुने पुढं तपासले गेले आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला त्याबद्दलचा लेख २००६ साली आला. मे २०१८मध्ये कोझिकोडला मात्र एकाच घरातला दुसरा रुग्ण दाखल झाला आणि तिथल्या डॉक्टरांना लक्षणं पाहून शंका आली. नमुने रवाना झाले, काही दिवसांत पुण्याहून शिक्कामोर्तब झालं आणि संपर्कातल्या लोकांना वेगळं ठेवण्याची घाई करता आली. सिलिगुडीच्या वेळी निपाह नावाचा विषाणू माहीत होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती, तोही मलेशियातला. आपल्याकडच्या कुणाच्या तो डोक्यात येणं कठीणच होतं. मधल्या सतरा वर्षांत प्रयोगशाळेची यंत्रं सुधारली हे खरं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘निपाह असू शकेल’ हा विचार एका डॉक्टरच्या डोक्यात आधीपासून बसलेला होता.

पुण्याला हा अनुभव वारंवार आला आहे. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९मध्ये पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. तेव्हा गल्लीगल्लीतल्या डॉक्टरांना काही दिवसांत ठरवायला शिकावं लागलं की कुणाला घरी पाठवायचं, कुणाला तपासणीला, आणि कुणाला अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करायचं. कारण ते औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडतं. मार्च २०२०मध्ये कोविडचे राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच निघाले. जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण सापडला आणि २०२४च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून सुरुवात होऊन पुणे शहरात झिकाच्या रुग्णांची संख्या शंभरावर गेली.

झिकानं बहुतेकांना काहीच होत नाही. पाचातल्या चौघांना तर लक्षणंही जाणवत नाहीत. धोका असतो गर्भाला. आता विचार करा, सौम्य ताप आणि अंगावर पुरळ घेऊन एक गरोदर बाई दवाखान्यात येते. डॉक्टरच्या डोक्यात झिका नसेल तर ‘व्हायरल आहे, जाईल’ म्हणून क्रोसिन लिहून दिली जाते आणि गोष्ट तिथंच संपते. डोक्यात असेल, तर रक्त-लघवीचा नमुना वेळेत जातो, सोनोग्राफी ठरलेल्या अंतरानं होते, घराभोवतीची डासांची ठिकाणं महापालिकेला कळतात. डासांचं पिंप कुठल्या गच्चीवर आहे ते पाषाणहून दिसत नाही.

इथं संशोधन परिषदांची एक अडचण सांगायला हवी. विषाणूशास्त्राच्या परिषदेत निम्मे श्रोते डॉक्टर नसतातच. पीएचडी करणारी मुलं असतात, पशुवैद्य असतात, लस बनवणाऱ्या कंपन्यांतले शास्त्रज्ञ असतात. यांना कौन्सिलच्या पॉइंटांशी देणंघेणं नसतं. व्यासपीठावर एखाद्या प्रथिनाची घडी कशी पडते यावर चाळीस मिनिटं चर्चा रंगते आणि वारज्याहून आलेले डॉक्टर घड्याळ पाहत बसतात. त्यांना हवं असतं ते वेगळं : नमुना कितव्या दिवशी घ्यायचा, कोणत्या नळीत, बर्फात ठेवायचा का, फोन कुणाला करायचा. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. पॉइंट देताना मात्र दोघांना एकाच सभागृहात, एकाच मापानं बसवलं जातं.

६. पॉइंट मोजतात म्हणजे काय मोजतात

पद्धत अशी. परिषद भरवणारी संस्था आधी कौन्सिलकडे अर्ज करते. कार्यक्रम काय, वक्ते कोण, तास किती, हे सगळं कळवावं लागतं. कौन्सिल त्यावरून कार्यक्रमाला किती पॉइंट द्यायचे ते ठरवतं. कार्यक्रमाला कौन्सिलचा निरीक्षक येतो. डॉक्टर आपला नोंदणी क्रमांक देऊन हजेरी लावतात, शेवटी प्रमाणपत्र मिळतं आणि पॉइंट त्यांच्या नावावर चढतात. व्याख्यान देणाऱ्यालाही पॉइंट मिळतात. ते न्याय्यच आहे. वर्षानुवर्षं दिलेलं व्याख्यान पुन्हा देताना कुणी काही शिकत नाही हे खरं, पण नवं तयार करताना सर्वांत जास्त शिकतो तो वक्ताच.

यात मोजली जाते ती हजेरी. स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्यांसारखं हे आहे. तीन शिट्ट्या झाल्या म्हणून आपण डाळ शिजली असं धरतो. बहुतेक वेळा ती शिजलेली असतेही. पण डाळ जुनी असेल तर झाकण काढल्यावर दाणा कडकच निघतो आणि शिट्ट्या मोजणाऱ्याला ते बाहेरून कळत नाही. सभागृहात पहिल्या रांगेत बसून टिपणं काढणारा आणि मागच्या रांगेत फोनवर दवाखान्यातल्या कंपाउंडरला सूचना देणारा, दोघांच्या प्रमाणपत्रावर आकडा एकच येतो.

मग या सगळ्याचा उपयोग होतो की नाही? याचं मोजमाप झालेलं आहे. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय गटानं अशा शैक्षणिक सभांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. सभेनंतर डॉक्टरांचं वागणं बदलतं, पण थोडं. योग्य पद्धतीनं वागण्याचं प्रमाण सरासरी सहा-सात टक्क्यांनी वाढतं. समजा, शंभर डॉक्टरांपैकी पन्नासजण डेंग्यूच्या पेशंटला ‘तापाचा कितवा दिवस’ विचारून मगच तपासणी लिहितात. चांगली सभा झाली, तर पुढं छप्पन्न-सत्तावन्नजण तसं करतील. उरलेल्यांना निरोप पोचला नाही, किंवा पोचून सवय मोडली नाही.

आकडा लहान आहे म्हणून हसण्यासारखा नाही. दिवसाला चाळीस पेशंट पाहणाऱ्या सहा जास्तीच्या डॉक्टरांचा पावसाळा डोळ्यांसमोर आणला की तो बराच मोठा वाटू लागतो. त्याचा अर्थ एवढाच की नुसत्या व्याख्यानावर भिस्त ठेवू नये. सभागृहात एक काल्पनिक पेशंट मांडला, ‘तुम्ही काय कराल’ असं विचारून हात वर करायला लावले, चुकलेल्यांची चूक तिथल्या तिथं उलगडली आणि महिन्याभरानं पुन्हा एक प्रश्न पाठवला, तर काही पदरात पडण्याची शक्यता अधिक. काही कार्यक्रमांत व्याख्यानाआधी आणि नंतर छोटी चाचणी घेतात. ती घ्यायला आयोजकांना फार खर्च येत नाही. श्रोत्यांना ती फारशी आवडत नाही, हे मात्र खरं. पन्नाशीच्या माणसाला पुन्हा पेपर सोडवायला कोण सांगणार?

७. हॉटेलाचं बिल

आता तो खवचट प्रश्न. परिषदेला सभागृह लागतं, जेवण लागतं, बाहेरगावच्या वक्त्यांचा प्रवास लागतो. बरीच वर्षं हा खर्च औषध कंपन्या सढळ हातानं उचलत आल्या. डिसेंबर २००९मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती झाली आणि कंपनीकडून भेटवस्तू, प्रवास, हॉटेलातला मुक्काम घेणं डॉक्टरांना मना झालं. बंधन डॉक्टरवर आलं, कंपनीवर नाही. त्यामुळे कंपन्या असा खर्च करून वर आयकरातही सूट मागत राहिल्या. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वाट बंद केली : जे घेणं डॉक्टरला बेकायदा आहे, ते दिल्याचा खर्च कंपनीला करातून वजा करता येणार नाही.

ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं आणखी कडक नियम काढले. कंपनीनं पुरस्कृत केलेल्या परिषदांना डॉक्टरांनी जाऊच नये, असं त्यात होतं. डॉक्टरांच्या संघटनांनी गदारोळ केला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारनं औषध कंपन्यांसाठी स्वतंत्र संहिता आणली. तिच्यानुसार कंपन्यांना परदेशात असे कार्यक्रम भरवता येत नाहीत आणि इथं भरवले तर खर्चाचा तपशील जाहीर करावा लागतो.

पैशाचा प्रश्न नैतिकतेपुरता नाही. त्यानं विषय ठरतात. नवं, महाग औषध बाजारात येतं तेव्हा त्यावर बोलायला प्रायोजक आपणहून पुढं येतात. ‘हे औषध देऊ नका, पॅरासिटामॉल आणि पाणी पुरे’ हे सांगणाऱ्या सत्राला कोण पैसे देणार? डेंग्यूचा कितवा दिवस, झिकाचा नमुना, प्लाझ्मा का थांबवावा, यांतून कुणाचंच काही विकलं जात नाही. म्हणून ही सत्रं सरकारी संस्था, मेडिकल कॉलेजं आणि डॉक्टरांच्या स्थानिक संघटना यांनाच भरवावी लागतात. टिळक रस्त्यावरच्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए) वास्तूत संध्याकाळी दवाखाने सुटल्यावर दोन तासांचं व्याख्यान, चहा-बिस्किटं आणि स्वतःच्या खिशातून भरलेली फी, एवढ्या भांडवलावर ते होऊ शकतं. तिथं बोलायला एनआयव्हीतला शास्त्रज्ञ बोलावला तर त्याला विमानाचं तिकीटही लागत नाही, तो पाषाणहून स्कूटरवर येतो.